इंटर्नशिप : खरे बोला, पण सगळे सांगू नका

नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला क्रेडिट मिळू लागले आणि उन्हाळी इंटर्नशिपची धावपळ वाढली. घरात कंपनीतली ओळख नसलेल्या आपल्या पहिल्या पिढीला दोन सल्ले हमखास मिळतात : बायोडेटा फुगवा आणि मिळेल ती ऑफर घ्या, चांगली आली की पहिली सोडा.

आमच्या मते दोन्ही सल्ले आपल्यालाच महाग पडतात. न केलेला प्रोजेक्ट तिसऱ्या प्रश्नातच उघडा पडतो. एकाने शब्द फिरवला की कंपनी पुढच्या वर्षी त्या कॉलेजकडे पाठ फिरवू शकते. ओळखीवाल्यांची मुले तरीही आत जातात. दार बंद होते ते आपल्या धाकट्या भावंडांसाठी.

मात्र प्रामाणिकपणा म्हणजे उघडे पडणे नव्हे. रँकवरून जात शोधली जाते, म्हणूनच आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये सहविद्यार्थ्यांना जेईई रँक विचारू नका, असे बजावले. मुलाखतीत आडनाव किंवा वडिलांचा धंदा निघाला, तर विषय नम्रपणे कामाकडे वळवावा. दुसरी मुलाखत बाकी असेल, तर निर्णयासाठी लेखी मुदत मागावी.

हे एकट्या विद्यार्थ्याला जड जाते. नोकरीत स्थिरावलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने यंदा निदान एकाची सराव मुलाखत घ्यावी.