परदेशी औषधांना चाचणीची सवलत. भारतीय रुग्णांचे प्रश्न कोण तपासणार?

नवी दिल्ली : अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघ येथे मान्यता मिळालेल्या काही नव्या औषधांसाठी भारतीय रुग्णांवर स्वतंत्र चाचणी घेण्याची अट भारतीय औषध महानियंत्रकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये शिथिल केली. दुर्मीळ आजारांवरील औषधे, जनुक व पेशी आधारित उपचार, महासाथीच्या काळात लागणारी औषधे, संरक्षण दलांच्या विशेष गरजेची औषधे आणि प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय सरस ठरणारी औषधे, अशा पाच गटांना ही सवलत लागू आहे. नवे उपचार लवकर उपलब्ध व्हावेत, हा या निर्णयामागील हेतू योग्यच आहे. मात्र परदेशातील निष्कर्ष येथे कितपत लागू पडतात आणि ज्या प्रश्नांत परदेशी कंपन्यांना स्वारस्य नाही ते कोण तपासणार, हे दोन मुद्दे या निर्णयाने अधिक ठळक केले आहेत.

दुर्मीळ आजारांच्या बाबतीत सवलतीचे समर्थन करणे सोपे आहे. अशा आजारांचे रुग्ण देशभर विखुरलेले असतात. चाचणीसाठी पुरेशी संख्या जमवण्यातच काही वर्षे निघून जातात आणि तेवढी सवड रुग्णांकडे नसते. इतरत्र काटेकोरपणे तपासलेले औषध केवळ स्थानिक चाचणीअभावी अडवून ठेवणे अशा कुटुंबांच्या दृष्टीने अन्यायाचेच ठरते.

पाचव्या गटाचे स्वरूप मात्र वेगळे आहे. ‘लक्षणीय सरस’ या शब्दांची व्याप्ती मोठी असून त्यात कर्करोगापासून मधुमेहापर्यंत कोणत्याही आजारावरील औषध बसू शकते. एका लोकसंख्येत सिद्ध झालेला परिणाम दुसऱ्या लोकसंख्येत तसाच दिसेल, याची खात्री नेहमीच देता येत नाही. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या रोटाव्हायरस लसी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. संपन्न देशांत या लसींनी गंभीर अतिसारापासून ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. भारतात विकसित झालेल्या रोटाव्हॅक लसीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर झाली, तेव्हा संरक्षण सुमारे ५४ टक्के आढळले. कुपोषण, आतड्यांचे वारंवार होणारे संसर्ग आणि अस्वच्छ पाणी यांमुळे अशा लसींचा प्रभाव कमी होतो, असे मानले जाते. तरीही येथील बालमृत्यू रोखण्यासाठी ५४ टक्के संरक्षणही मोलाचे होते आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय लसीकरणात रोटाव्हायरस लसीचा समावेश झाला. धोरण आखण्यासाठी आवश्यक असलेला खरा आकडा स्थानिक चाचणीमुळेच हाती आला.

स्थानिक चाचणीतून सूट मिळवणाऱ्या कंपनीने औषध बाजारात आल्यानंतर चौथ्या टप्प्याची चाचणी घेण्याची हमी द्यावी, अशी तरतूद नियमांत आहे. काही प्राणघातक व दुर्मीळ आजारांबाबत तीही शिथिल करता येते. त्यामुळे सवलतीची सुरक्षितता या हमीच्या पाठपुराव्यावर अवलंबून राहील. हमी कागदावर राहिली, तर येथील प्रत्येक रुग्ण नोंद न होणाऱ्या चाचणीचाच भाग बनेल.

चाचण्यांविषयीचा अविश्वास भारतात निराधार नाही. २००५ मध्ये नियम बदलून परदेशात सुरू असलेल्या टप्प्याची चाचणी त्याच वेळी भारतात घेण्यास परवानगी मिळाली आणि जागतिक कंपन्यांचा ओघ वाढला. देखरेख मात्र त्या गतीने वाढली नाही. २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ जणांचे मृत्यू झाल्याची माहिती केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिली. गंभीर आजारी रुग्णांच्या चाचण्यांत मृत्यू होणे म्हणजे ते औषधामुळेच झाले, असे नव्हे. थेट चाचणीशी संबंधित ठरलेले मृत्यू ८० होते. पण कोणता मृत्यू कशामुळे झाला हे तपासण्याची आणि भरपाई देण्याची भक्कम व्यवस्था त्या काळात नव्हती, ही बाब अधिक अस्वस्थ करणारी होती.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये नव्या औषधांच्या चाचण्या केंद्रीय आरोग्य सचिवांच्या देखरेखीखालीच व्हाव्यात, असा आदेश दिला. त्याच वर्षी भरपाईचे नियम आले, नैतिकता समित्यांची नोंदणी बंधनकारक झाली आणि संमतीच्या प्रक्रियेचे दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचे झाले. मंजुऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. संशोधन क्षेत्रातून नाराजी व्यक्त झाल्यानंतर सरकारने काही अटी सैल केल्या आणि १९ मार्च २०१९ रोजी सर्वंकष असे ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम’ अधिसूचित केले.

या नियमांनी वेग आणि संरक्षण यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. भारतात संशोधन झालेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जावर ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजले जाते. इतर अर्जांसाठी ९० दिवसांची मुदत आहे. दुसरीकडे, चाचणीमुळे इजा झालेल्या व्यक्तीवर मोफत उपचार आणि भरपाई देणे प्रायोजकावर बंधनकारक आहे. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र ८ लाख रुपयांच्या मूळ रकमेवर आधारलेले असून त्यात वय आणि आजाराची तीव्रता विचारात घेतली जाते.

कागदावर ही चौकट भक्कम आहे. प्रत्यक्षात तिचा सर्वाधिक भार नैतिकता समितीवर, म्हणजे रुग्णालयांच्या परिभाषेत एथिक्स कमिटीवर पडतो. किमान सात सदस्यांच्या या समितीतील निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावेत आणि त्यात एक महिला, एक विधिज्ञ व एक सामान्य नागरिक असावा, अशी अट आहे. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत आहे का, जोखीम लपवलेली नाही ना, गंभीर दुष्परिणामाचा संबंध औषधाशी आहे का, याची पहिली छाननी तीच करते. चाचणीतून उत्पन्न मिळणाऱ्या संस्थेतच बसून तिला हे काम करावे लागते. डॉक्टरांच्या शब्दाला नकार देण्याची सवय नसलेल्या रुग्णाचा खरा वकील ही समितीच असते. तिला प्रशिक्षण, वेळ आणि प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन पाहणी करण्याची साधने मिळाली नाहीत, तर मंजुरीचा वेग वाढवणे जोखमीचे ठरेल.

दुसरा मुद्दा प्रश्नांच्या निवडीचा आहे. औषध कंपनी स्वाभाविकपणे विकता येईल अशा औषधाचीच चाचणी घेते. ज्याचे पेटंट संपले आहे, जे अत्यंत स्वस्त आहे किंवा जे औषधच नाही, त्याच्या चाचणीसाठी खासगी पैसा मिळणे कठीण असते. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने सर्वाधिक उपयुक्त प्रश्न मात्र अनेकदा याच गटातील असतात.

या क्षेत्रात देशाची परंपरा जुनी आहे. १९५६ मध्ये तत्कालीन मद्रासमध्ये क्षयरुग्णांचे दोन गट करून एकावर आरोग्यधामात आणि दुसऱ्यावर घरीच उपचार करण्यात आले. दाटीवाटीच्या वस्तीतील गरीब घरांतही उपचारांना जवळपास तेवढेच यश मिळाले आणि कुटुंबीयांचा धोका वाढला नाही. या निष्कर्षामुळे जगभरात क्षयावर घरी राहून उपचार घेण्याचा मार्ग खुला झाला.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने तीच वाट पुढे नेली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भूल देण्याचे लिडोकेन हे स्वस्त औषध टोचल्यास काय होते, याची चाचणी देशातील ११ रुग्णालयांत झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर हयात असलेल्या महिलांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. त्याच केंद्राने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब या महागड्या औषधाची मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम ठेवून नित्याच्या औषधांसोबत दिली. एक वर्ष जगलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के झाले. ज्या रुग्णांना पूर्ण मात्रा परवडूच शकत नाही, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष निर्णायक आहे. औषध कमी विकले जावे यासाठी कोणतीही कंपनी चाचणी घेणार नाही.

झारखंडमधील ‘रेशन्स’ चाचणीत तर तपासले गेले ते धान्य. क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये दिल्यावर त्यांच्यातील क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’मध्ये २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासामागे सार्वजनिक निधी होता.

परदेशी औषधांना सवलत दिल्याने नियामक यंत्रणेचा जो वेळ आणि मनुष्यबळ वाचेल, ते कोठे वळवले जाते यावर या धोरणाचे मूल्यमापन व्हायला हवे. सवलत मिळालेल्या औषधांच्या चौथ्या टप्प्यातील चाचण्यांची स्थिती जाहीर करणे, नैतिकता समित्यांची नियमित तपासणी करणे आणि सार्वजनिक निधीच्या प्रत्येक चाचणीचे निष्कर्ष, अपयशी ठरलेल्यांसह, ठरावीक मुदतीत खुले करणे ही तातडीची कामे आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने निष्कर्ष खुले करण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त निवेदनावर २०१७ मध्येच स्वाक्षरी केली आहे. चाचणीत सहभागी होणारा रुग्ण स्वतःच्या शरीरावर जोखीम घेतो. त्या जोखमीतून मिळालेले ज्ञान त्याच्यासारख्याच पुढच्या रुग्णापर्यंत परवडणाऱ्या उपचाराच्या रूपाने पोहोचले, तरच त्याच्या संमतीचा मान राखला जाईल.