अकरा दिवस उशिरा थांबलेलं युद्ध

हूतोउहून परतल्यावर आत्याचा फोनवर पहिला प्रश्न, "तोफ बघितलीस का गं?" दोष तिचा नाही. जाण्याआधी महिनाभर मीच सगळ्यांना तोफेच्या गोष्टी सांगत होते!

हूतोउ हे चीनच्या ईशान्य टोकाला, उसुरी नदीकाठचं गाव. पलीकडच्या काठावर रशिया. मांचुरिया जपानच्या ताब्यात असताना, १९३४ पासून, इथल्या टेकड्या पोखरून जपानी सैन्याने भुयारी किल्ला बांधला. खोदणारे होते सक्तीने आणलेले हजारो चिनी मजूर. वर तोफा. सगळ्यात मोठी ४१ सेंटिमीटरची. तिचा नेम पलीकडच्या इमानजवळच्या रेल्वे पुलावर. पूल पडला की व्लादिवोस्तोकची रसद तुटणार, असा हिशेब.

मूळ तोफ आता नाही. उरलाय काँक्रीटचा भलामोठा खड्डा. टेकडीवरून नदी मात्र अगदी शांत दिसते.

सगळे त्या मापाचं कौतुक करतात. मीही केलं. पण मला विचाराल तर इथे लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच, १५ ऑगस्ट आणि २६ ऑगस्ट. ९ ऑगस्ट १९४५ ला सोविएत फौजा नदी ओलांडून आल्या. १५ तारखेला जपानच्या सम्राटाने रेडिओवर शरणागती जाहीर केली. हूतोउची लढाई मात्र २६ पर्यंत चालली. भुयारात सैनिकांबरोबर आसऱ्याला आलेली बायका-मुलंही होती. बहुतेक सगळे मेले.

कुणी म्हणेल, संपर्क तुटला होता, त्यांना कळणार कसं? खरंय. पण मला वाटतं, माणसं नुसत्या अज्ञानाने नाही मरत. शरण जाणं म्हणजे मरणाहून वाईट, हे ज्यांच्या मनात वर्षानुवर्षं भरवलं, त्यांच्यापर्यंत बातमी पोचली तरी ती खरी वाटणार नाही. युद्ध सुरू करायला एक हुकूम पुरतो. थांबवायला तो शेवटच्या माणसाला पटावा लागतो.

आणि नदी तरी कुठे शिकली? मार्च १९६९ मध्ये हिच्यातल्याच झेनबाओ बेटावरून चीन आणि सोविएत संघ एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

असो. आत्याला सांगितलं, तोफ नाही बघितली, तिची जागा बघितली. ती म्हणाली, "मग एवढ्या लांब जाऊन काय मिळवलंस?"

त्याचंच हे उत्तर, आत्या.