इंजेक्शनातले तेल

उपवासाच्या खिचडीतले दाण्याचे कूट खाल्ले की ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, किंवा संक्रांतीचा तिळगूळ तोंडात टाकताच ज्यांचे ओठ सुजतात, अशा व्यक्तीला घरातील सारे जण जपतात. लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी आठवणीने विचारते, ‘यात दाणे नाहीत ना?’ हीच व्यक्ती टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घ्यायला जाते तेव्हा मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. या औषधाच्या कुपीत बहुतांशी तेलच असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊकही नसते.

वृषणांच्या किंवा पिट्युइटरी ग्रंथीच्या विकारामुळे शरीरात हे संप्रेरक पुरेसे तयार होत नसेल, तर ते बाहेरून द्यावे लागते. निव्वळ टेस्टोस्टेरॉन शरीरात फार काळ टिकत नाही. म्हणून त्याला एक मेदाम्ल जोडतात. त्यातून बनणारे संयुग, म्हणजे एस्टर, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात मात्र चांगले विरघळते. हे द्रावण स्नायूत टोचले की तेथे तेलाचा एक लहानसा साठा तयार होतो. त्यातून औषध हळूहळू शरीरात झिरपते आणि जोडलेले अम्ल तुटून मूळ संप्रेरक मोकळे होते. सायपिओनेट किंवा एनान्थेट हे एस्टर साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी देतात. अनडेकॅनोएट सुरुवातीच्या मात्रांनंतर दहा ते चौदा आठवड्यांनी. हे अंतर ठरते ते मुख्यतः जोडलेल्या अम्लावरून, पण तेलाचाही त्यात वाटा आहे. तेल म्हणजे नुसते पातळ करण्याचे साधन नव्हे.

आता ही तेले कोणती? सारी आपल्या ओळखीची. सायपिओनेट सरकीच्या तेलात येते. एनान्थेट काही उत्पादक तिळाच्या तेलात देतात, तर काही एरंडेलात. अनडेकॅनोएट एरंडेलातच मिळते. सस्टॅनॉन या चार एस्टरांच्या मिश्रणात शेंगदाण्याचे तेल असते. एरंडेल इतके दाट, की ते सुईतून सहज जावे म्हणून त्यात बेंझाइल बेंझोएट मिसळतात. खरजेवर अंगाला लावायचे पांढरे औषध ज्यांनी लहानपणी सोसले असेल, त्यांना हे नाव आठवेल; द्रव्य तेच.

अडचण अशी, की कुपीवर ‘शेंगदाणा’ असे लिहिलेले नसते. तेथे असते ‘अरॅकिस ऑइल’. शेंगदाण्याच्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव अरॅकिस हायपोजिया. त्यावरून हे नाव आले. दाण्यांची ॲलर्जी सांभाळत वाढलेला सुशिक्षित माणूसही हे वाचून निःशंक मनाने पुढे जाईल. तिळासाठी ‘सेसमी’, सरकीसाठी ‘कॉटनसीड’ आणि एरंडेलासाठी ‘कॅस्टर’ हे शब्द शोधावेत. शुद्धीकरणात तेलातील बहुतेक प्रथिने निघून जातात हे खरे. तरीही शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यांनी सस्टॅनॉन घेऊ नये, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकातच असते. तेव्हा पहिल्या इंजेक्शनापूर्वी डॉक्टरांना ॲलर्जी स्पष्ट सांगा आणि तेलाचे नाव विचारा. औषधाची कंपनी बदलली तर पुन्हा विचारा, कारण औषध तेच राहून तेल बदललेले असू शकते.

तेल सोसत नसेल तर त्वचेवर लावण्याचे जेल मिळते. घरात लहान मुले असतील, तर मात्र जेल लावलेला भाग झाकलेला असावा आणि हात साबणाने धुतलेले असावेत. नाहीतर बापाच्या कडेवर बसलेल्या बाळाच्या अंगात ते संप्रेरक शिरायचे.

तेल स्नायूतच राहिले पाहिजे. ते रक्तवाहिनीत गेले तर त्याचे सूक्ष्म थेंब फुप्फुसांपर्यंत पोहोचतात आणि अचानक खोकल्याची उबळ, धाप, घसा आवळल्याची भावना, घाम, क्वचित भोवळ असा त्रास होतो. यासाठीच एरंडेलातले अनडेकॅनोएट सावकाश टोचतात. अमेरिकेत 2014 साली अशा एका औषधाला मान्यता मिळाली, ती प्रत्येक इंजेक्शनानंतर रुग्णाला 30 मिनिटे दवाखान्यात बसवून ठेवण्याच्या अटीवर. कामाची घाई कितीही असो, हा अर्धा तास तेथेच काढावा. व्यायामशाळेतील मित्राच्या हातून हे इंजेक्शन घेणाऱ्या तरुणांना ही सोय नसते. शिवाय बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, कधी थांबतेही, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. अपत्याची इच्छा असलेल्यांनी हा विषय डॉक्टरांपुढे आधीच काढावा.

थंडीच्या दिवसांत सायपिओनेटच्या कुपीत बारीक स्फटिक दिसू शकतात. ते बुरशी समजून कुपी फेकण्याचे कारण नाही. ती हातात धरून कोमट करून हलवली की स्फटिक विरघळतात. द्रावण तरीही गढूळ राहिले, तर ती औषधविक्रेत्याला परत दाखवा. कुपी फ्रिजमध्ये ठेवू नका. तिची जागा घरातल्या कपाटात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर.