हातमोज्यांना मनाई

महाराष्ट्रात थंडी पडतच नाही, असं मुंबई-ठाण्याच्या मंडळींनी एकदाचं ठरवून टाकलेलं आहे. त्यांनी जानेवारीत पहाटे सहाला निफाडच्या बाजूला यावं. इथल्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेला की पेपरात फोटो येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि मग दोन दिवस सगळे द्राक्षांची काळजी करतात. त्याच पहाटे त्याच रस्त्यावरून सायकलवर शाळेला निघालेल्या पोरींची काळजी करताना मी कुणाला पाहिलेलं नाही. द्राक्षमण्याला तडा गेला तर नुकसान होतं, पोरीच्या बोटांना फुटतात त्या नुसत्या भेगा!

आता मुद्द्याचं. आमच्या भागातल्या एका शाळेने (नाव लिहीत नाही, शाळा तशी चांगली आहे) नियम केला आहे की हिवाळ्यात फक्त शाळेचा नेव्ही ब्लू स्वेटर चालेल. जाकीट नको, कानटोपी नको, रंगीत हातमोजे नकोत. फाटकाशी एक शिक्षक उभे असतात आणि हातमोजे काढून ठेवायला लावतात. कारण विचारलं तर उत्तर एकच, शिस्त. मी चौतीस वर्षं शिकवलं आहे. शिस्त हा शब्द मलाही ठाऊक आहे, आणि तो कधी उत्तर म्हणून वापरतात आणि कधी उत्तर नसल्यामुळे वापरतात, हेही ठाऊक आहे.

"एवढ्याशा थंडीने काय होतंय? आम्ही नाही का गेलो शाळेत?" असं म्हणणारे पालकही आहेत. त्यांच्यासाठी थोडा हिशेब. थर्मामीटर सहा अंश दाखवतो तो उभ्या माणसासाठी. सायकलवरचा माणूस आपला वारा आपणच तयार करतो. अमेरिका आणि कॅनडाने २००१ साली वाऱ्याच्या गारठ्याचा जो तक्ता ठरवला, त्याप्रमाणे सहा अंशांत ताशी पंधरा किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला तीन अंशांसारखं लागतं. पोरगी ताशी बारा-पंधराच्या वेगाने जातेच. समोरून वारा असेल तर विचारूच नका.

आणि सायकलवर सगळ्यात उघडं काय असतं? हात. पाय निदान हलत तरी असतात, त्यामुळे त्यांना ऊब येते. हात मात्र हँडलवर निश्चल, वाऱ्याच्या तोंडावर, आणि बोटांखाली ब्रेकची लोखंडी दांडी. बोटांत ऊब तयार करणारा स्नायू जवळजवळ नाही. त्यात शरीराचा स्वभाव असा की छाती-पोट गार पडतंय असं कळलं की ते पहिल्यांदा बोटांचं रक्त कमी करतं. हृदय सांभाळायचं, बोटांचं नंतर बघू! म्हणून मी म्हणतो की हातमोजे आणि अंगावरचे थर हा एकच विषय आहे. छाती उघडी ठेवून भारी हातमोजे घातले तरी बोटं गारच राहणार.

आमच्या शेजारची आठवीतली मुलगी गेल्या जानेवारीत उतारावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडकता धडकता नाल्यात गेली. हात मोडला नाही, हे नशीब. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबा, ब्रेक दाबत होते हो मी, पण बोटं दाबलीच गेली नाहीत." तिचे हातमोजे दप्तरात होते. फाटकाशी काढावेच लागतात, मग घालायचे कशाला, असा तिने सरळ विचार केला होता. याला मी बेशिस्त म्हणू की आज्ञाधारकपणा?

थंडीपुढे भलेभले नमतात. २० एप्रिल १९८० रोजी बेल्जियममधली लिएज-बास्टोन-लिएज ही सायकल शर्यत बर्फात झाली. १७४ निघाले, पूर्ण केली ती २१ जणांनी. पहिला आला तो फ्रान्सचा बर्नार इनो, तब्बल नऊ मिनिटांहून जास्त पुढे. पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पुढे कायमची थंडीला दुबळी झाली. उलट १९८८ च्या इटलीच्या शर्यतीत ५ जूनला गाविया घाटात बर्फाचं वादळ आलं, तेव्हा अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन पोराच्या संघाने आधीच बर्फावर घसरणाऱ्यांच्या दुकानांतून गरम कपडे आणि हातमोजे गोळा करून ठेवले होते. त्या दिवशी तो दुसरा आला, पण गुलाबी जर्सी त्याला मिळाली आणि शेवटी शर्यतही. तयारीने आलेल्याला त्या दिवशी कुणी नाजूक म्हटल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आमच्याकडे एवढं बर्फ नाही, कबूल. म्हणूनच दुकानदारांचं ऐकून काही हजारांचं परदेशी जाकीट घ्यायचीही गरज नाही. शहरातली हौशी मंडळी रविवारी त्र्यंबक रस्त्याला निघतात, डोक्यापासून पायापर्यंत विकत घेतलेली! अर्ध्या तासात घामाने निथळतात आणि चहाला थांबले की कुडकुडतात. पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट जोरात ऊब पळवतं, आणि घाम म्हणजे पाणीच. एकच जाडजूड कपडा घालण्यातला घोटाळा हा आहे.

थर कसे करावे, ते घरातल्याच कपड्यांत सांगतो. अंगालगत सुती बनियन नको, सुती कापड घाम पिऊन बसतं. खेळाचा पातळ सिंथेटिक टी-शर्ट चालतो, लोकरीचा पातळ कपडा मिळाला तर उत्तम. त्यावर स्वेटर, शक्यतो पुढून उघडणारा, म्हणजे चढावर बटणं सोडता येतात. डोक्यातून घालायचा स्वेटर सायकलवर काढता येत नाही, आणि शाळा नेमका तोच देते. स्वेटर हवा धरून ठेवतो पण वारा अडवत नाही. म्हणून सर्वात वर पातळ विंडचीटर. तोही नसेल तर स्वेटर आणि शर्ट यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा. हसू नका, युरोपातले मोठमोठे सायकलपटू घाट उतरताना वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. अग्रलेखाचा एवढा प्रत्यक्ष उपयोग दुसरा मला माहीत नाही. घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटलं तर दहाव्या मिनिटाला घाम फुटणार.

हातमोज्यांचं थोडं निराळं. विणलेल्या लोकरी हातमोज्यांतून वारा आरपार जातो. आत ते आणि वरून वारा न शिरणारे सैल हातमोजे, अशी जोडी चांगली. पण घट्ट नकोत. घट्ट मोज्यात हवाही राहत नाही आणि रक्तही नीट फिरत नाही, म्हणजे पैसे देऊन थंडी विकत घेतल्यासारखं. चारही बोटं एकत्र असलेले मोजे जास्त ऊब देतात, पण ब्रेक नीट सापडत नाही. हातावर दुधाची पिशवी चढवणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. तसं करू नका, ब्रेकवरून हात सटकतो. त्यापेक्षा ब्रेकच्या दांडीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, निदान लोखंडाचा चटका तरी वाचेल. मफलरची टोकं स्वेटरात खोचा, चाकात गेली तर गळफासच. माकडटोपीने मागच्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही, कानापुरती पट्टी पुरते. डोक्यातून बहुतेक ऊब जाते हे खोटं आहे, जेमतेम दहावा हिस्सा जातो.

रंगाचं राहिलंच. जानेवारीत नाशिककडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. सातच्या शाळेला पोरं निघतात अंधारात, बऱ्याचदा धुक्यात, आणि शाळा त्यांना घालायला लावते नेव्ही ब्लू! ट्रकवाल्याने ओळखायचं कसं? पिवळे हातमोजे घातलेली पोरगी वळताना हात दाखवते तेव्हा निदान तो हात तरी दिसतो. म्हणजे जो कपडा जीव वाचवू शकतो, नेमकी त्यालाच मनाई.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने परिपत्रक काढलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलं केलं. पण चौथीपर्यंतची पोरं बहुधा चालत किंवा कुणाच्या मागे बसून जातात. एकट्याने सायकल मारत जातात ती पाचवीच्या पुढची, आणि त्यांची शाळा सातलाच. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शासन सायकली देतं, तेही चांगलंच आहे. सायकलीबरोबर हातमोज्यांची एक जोडी दिली तर तिजोरी बुडणार नाही. फिनलंडात ओउलू नावाच्या गावी पोरं बर्फातून सायकलने शाळेत जातात. तिथे गणवेशच नाही, त्यामुळे फाटकावर उभं राहून हातमोजे काढायला लावणारा मास्तरही नसावा.

"एकाला सूट दिली की सगळे मागतात, मग एकसारखेपणा राहत नाही," असं पालकसभेत मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या. बाई सज्जन आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. गरीब-श्रीमंत भेद दिसू नये म्हणून गणवेश असतो, हेही मला मान्य आहे. पण तो भेद वर्गात दिसू नये. रस्त्यावर पोरांनी काय घालावं हे शाळेने ठरवू नये. फाटकाच्या आत आल्यावर हातमोजे दप्तरात, जाकीट खुंटीवर, आणि वर्गात सगळे एकसारखे. यात कुठली शिस्त मोडते? आणि श्रीमंताच्या पोराला थंडीचं काय, तो चारचाकीतून काचा लावून येतो. हा नियम ज्याला खराखुरा बोचतो तो सायकलवाला, म्हणजे ज्याच्यासाठी एकसारखेपणाचा एवढा कळवळा दाखवला जातो तोच.

माझं मागणं दोन ओळींचं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेच्या फाटकापर्यंत कोणताही गरम कपडा आणि कोणत्याही रंगाचे हातमोजे चालतील. आणि सकाळच्या प्रार्थनेला ते काढायला लावायचे असतील तर प्रार्थना मैदानात न घेता वर्गात घ्यावी. हे पत्र मी शाळेला देऊन आता तीन आठवडे झाले. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही.