पाचोळा आणि हेक्टरांचा हिशेब

जंगल किती तोडले, हे हेक्टरांत सांगण्याची सरकारी परिपाठी सर्वत्र आहे. तोडले तेवढे वजा, उरले ते जसेच्या तसे शिल्लक! हा हिशेब किती फसवा आहे, हे ब्राझीलमधील मानाउस शहराच्या उत्तरेकडील अरण्याने दाखवून दिले आहे. अ‍ॅमेझॉनमधील जमीनमालकाने निम्मे रान राखलेच पाहिजे, या तत्कालीन कायद्याचा लाभ घेऊन टॉमस लव्हजॉय यांनी १९७९ मध्ये तेथे प्रयोग आरंभिला. कुरणांसाठी तोड चालू असता १, १० व १०० हेक्टरांचे तुकडे मुद्दाम राखण्यात आले आणि पुढे अनेक दशके त्यांचे निरीक्षण झाले.

तेथील माती निकस. झाडांचे पोषण मुख्यतः गळलेली पाने कुजण्यावर चालते. पाचोळा हेच त्या रानाचे खेळते भांडवल म्हणावयाचे. तोडीच्या कडेला मात्र कुरणावरचा तप्त, कोरडा वारा आत शिरतो. झाडे पाणी वाचविण्यासाठी पाने टाकतात, जुने वृक्ष उन्मळून पडतात, त्यांच्या जागी झपाट्याने वाढणारी हलक्या लाकडाची झाडे येतात आणि पानगळ वाढते. कुजण्याचा वेग सर्व तुकड्यांत सारखा आढळला नाही. पण कडेला पाचोळ्याचा थर जाड होतो. त्यात बारीक बियांना माती गाठता येत नाही. शिवाय वाळलेला पाचोळा म्हणजे आयते सरपण. कुरणात लावलेली आग त्यावरून रानात सरकते. आगीची सवय नसलेल्या त्या वृक्षांची साल पातळ असते. वीतभर उंचीची ज्वाळाही त्यांना पुरते.

कडेचा परिणाम शंभर मीटर आत पोचतो असे धरले (मोठ्या वृक्षांची वाढीव मर तर तीनशे मीटरपर्यंत दिसली), तर १०० हेक्टरांच्या चौरस तुकड्यात अबाधित गाभा ६४ हेक्टर उरतो, १० हेक्टरांच्या तुकड्यात जेमतेम सव्वा-दीड आणि १ हेक्टराच्या तुकड्यात शून्य. कागदावर १११ हेक्टर, प्रत्यक्षात सुमारे ६५!

आपल्याकडेही १९८० च्या वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियमाखाली वनजमीन वळविताना भरपाईची रक्कम व पर्यायी वनीकरण मुख्यतः क्षेत्रफळावरून ठरते. रानातून जाणारा वीस मीटर रुंदीचा रस्ता दर किलोमीटरला दोनच हेक्टर घेतो. पण त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस हेक्टर कड निर्माण होते. सह्याद्रीत हे अंतर शंभर मीटरच असेल असे नव्हे. पानझडी रानांचा स्वभाव निराळा आहे. तेथे ते मोजावे लागेल. तोपर्यंत निदान प्रस्तावात क्षेत्रफळाच्या रकान्याशेजारी नव्याने पडणाऱ्या कडेच्या लांबीचा रकाना असण्यास हरकत नसावी. प्रस्तावाला नकाशा जोडावा लागतोच. त्यावरून ही लांबी काढणे एका दुपारचे काम आहे.