केरसुणी लक्ष्मी, मग केर कोणाचा?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी पाटावर मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि लक्ष्मी म्हणून हात जोडतो. शिंदीच्या पात्यांची ती साधी वस्तू. पण तिला देवत्व देणाऱ्या आपल्या पूर्वजांची दृष्टी थोर होती यात शंका नाही. मला फक्त एकच पुसायचे आहे. ही लक्ष्मी घरातला केर ज्या उंबऱ्याबाहेर लोटते, त्या उंबऱ्यापलीकडे कोण राहते? घर लक्ष्मीचे, मग गल्ली काय अवदसेची? ऐन सणात हा प्रश्न काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाच्या ताटाशेजारी बसूनच तो विचारला पाहिजे.

माझ्या लहानपणी आमच्या मुरबाड तालुक्यात दिवाळीची एक पणती उकिरड्यावरही ठेवीत. घरातली राख, गोठ्यातले शेण, भाजीचे देठ, सारे तिथे जाई आणि पावसाळ्यापूर्वी शेतात पडे. भाताच्या राबाला पालापाचोळाही कमी पडे. मग टाकायला उरणार काय? बारा वर्षांनी उकिरड्याचेही नशीब उघडते असे म्हणतात. आमच्याकडे ते दर वर्षी उघडत असे.

पण जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. गावची घाण उपसण्याचे काम ठरावीक जातींच्या माथी मारून बाकीचे सोवळ्यात राहत, हे विसरून त्या काळाची आरती ओवाळणे हा शुद्ध निर्लज्जपणा होय. गाडगेबाबांनी (1876–1956) स्वतःच्या हाती खराटा घेतला, तो एवढ्याचसाठी. ज्याचा केर त्याने उचलावा, हा त्याचा अर्थ. आपण बाबांच्या तसबिरीला हार घातला आणि खराटा दुसऱ्याच्या हाती दिला!

आज आपल्या दारचा ढीग पाहा. उरलेला भात, आंब्याची कोय, दाढीचे पाते, औषधाची बाटली, सगळे एकाच प्लास्टिकच्या पिशवीत; वर घट्ट गाठ. गाय ती गाठ सोडू शकत नाही, म्हणून पिशवीसकट भात खाते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारची दुभती गाय अशीच गेली. तिच्या पोटातून निघालेला तो गोळा मी पाहिला. त्यात माझ्या घरची पिशवी नव्हती, असे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. वसुबारसेला ज्या हातांनी गाईला ओवाळायचे, त्याच हातांनी उरलेले दिवस तिला विष चारायचे, याला कोणते व्रत म्हणावे?

यावर ठरलेले उत्तर येते : “मास्तर, हे नगरपंचायतीचे काम.” तिचे आहेच. पण 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवण्याचे कर्तव्य प्रथम घरावर टाकले. गाडी येऊन ढीग नेते, तेव्हा तो नाहीसा होत नाही; दुसऱ्याच्या दारी जातो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनारचा कचरा पेटला आणि त्याचा धूर शहराच्या छातीत गेला. आपण ओढ्यात भिरकावलेली पिशवीदेखील काळू नदीने टिटवाळ्याच्या गणपतीवरून उल्हासला आणि तिथून वसईच्या खाडीला जाते. आणि परसात प्लास्टिक जाळणारे शहाणे तर आपल्याच लेकरांच्या नाकात विष घालतात.

26 जुलै 2005 च्या प्रलयात मुंबईचे नाले पिशव्यांनी तुंबले, तेव्हा आपण हळहळलो. 23 मार्च 2018 ला महाराष्ट्राने पिशव्या आणि थर्मोकोलच्या ताटांवर बंदी घातली, पाच हजारांचा दंड ठेवला, तेव्हा टाळ्या वाजवल्या. आणि त्यानंतर माझ्याच घरच्या बारशाला, शाळेत स्वच्छतेवर व्याख्याने देणाऱ्या या मास्तराने, चोरून आणलेल्या थर्मोकोलच्या ताटांत दोनशे पाने उठवली. त्याच आठवड्यात बाजारात एक कातकरी बाई पळसाच्या पानांच्या पत्रावळींचे बिंडे घेऊन बसली होती. दिवस मावळताना तिने ते तसेच डोक्यावर घेतले. माझी सोय झाली. तिची चूल मात्र त्या सोयीत विझली. कचरा म्हणजे केवळ घाण नव्हे, तो कुणाचा तरी बुडालेला रोजगारही असतो.

“आता घरात गाय नाही, ओला केर टाकू कुठे?” ही दुसरी सबब. यवतमाळकडच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या भोकाभोकांच्या हौदात पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर रचून, थोडक्या शेणात भरपूर खत करून दाखवले. त्यांच्याच नावाने ती ‘नाडेप’ पद्धत झाली. अंगण असेल त्याने हौद बांधावा. खोली असेल त्याने तळाला भोके पाडलेला माठ घ्यावा. भाजीचा केर, वर सुका पाला, मूठभर माती. तीन-चार महिन्यांत तुळशीला खत.

परंतु एक बजावतो. हे नवे व्रत पुन्हा घरच्या लक्ष्मीच्याच गळ्यात बांधाल, तर सारे फुकट. सुधारणा पुरुषांनी सांगायच्या आणि कमरा बायकांच्या मोडायच्या, हे पुष्कळ झाले. कापडी पिशवी पुरुषाने खिशात ठेवावी, माठ मुलग्याने हलवावा, पत्रावळी बापाने विकत आणाव्यात. कसूर करण्याचा मान मी मिळवला आहेच; आता आमच्या घरी माठ माझ्याकडे आहे.

यंदा केरसुणीची पूजा जरूर करा. पण एक पणती बाहेर त्या माठापाशीही ठेवा, आणि ती ठेवताना जागा उजेडात पाहायला लाज वाटणार नाही, एवढे करा.