विक्रम प्रयोगशाळेत, कसोटी छपरावर

जपानमधील त्सुतोमु मियासाका यांच्या चमूने 2009 मध्ये पेरोव्हस्काइटचा पहिला सौरघट सादर केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता जेमतेम 3.8 टक्के होती. आज प्रयोगशाळेतील असे घट 26 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. प्लास्टिकवर घडवलेले लवचीक घटही फार मागे नाहीत. तरीही या आकड्यांवर भाळून धोरण आखू नये, असे माझे मत आहे.

लवचीक घटांची उपयुक्तता निर्विवाद आहे. काचेच्या सिलिकॉन पॅनेलचे वजन दर चौरस मीटरला दहा-बारा किलो भरते. जुन्या कारखान्यांची पत्र्याची छपरे ते नेहमीच पेलू शकत नाहीत. मात्र हलकेपणाची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते. काच बाष्प अडवते, प्लास्टिक तितके अडवत नाही. बाष्प आणि उष्णतेने पेरोव्हस्काइटचे विघटन होऊन शिसेयुक्त अवशेष उरतो. वारंवार वाकवल्याने पारदर्शक विद्युतवाहक थराला तडे जातात. स्फटिककणांच्या सीमांवर लवचीक बहुवारिक भरणे, बाष्परोधक आवरण चढवणे, असे उपाय संशोधक योजत आहेत. पण आवरण जितके भक्कम, तितका खर्च अधिक.

केंद्राची 24,000 कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना अधिक कार्यक्षम मॉड्यूलला अधिक लाभ देते. सिलिकॉनसाठी ते रास्त आहे. त्याच्यावर 25 वर्षांची हमी मिळते. पेरोव्हस्काइटला मात्र तेवढाच निकष पुरणार नाही. 85 अंश सेल्सियस आणि 85 टक्के आर्द्रतेतील 1,000 तासांची प्रचलित चाचणी अंधारात होते; या पदार्थाची झीज तर प्रकाश आणि उष्णता एकत्र आल्यावर वाढते.

आयआयटी मुंबईने केलेल्या देशव्यापी पाहण्यांत उष्ण प्रदेशांतील सिलिकॉन मॉड्यूलही थंड प्रदेशांतल्यांपेक्षा लवकर खालावल्याचे आढळले होते. म्हणून जैसलमेरचे ऊन, चेन्नईची दमट हवा आणि लेहची थंडी यांत सार्वजनिक चाचणी-क्षेत्रे उभारावीत आणि अपयशासह सर्व निष्कर्ष खुले ठेवावेत. प्रोत्साहनाचा काही भाग प्रत्यक्ष वर्षानुवर्षे मिळालेल्या विजेशी जोडावा. फाटलेली, शिसेयुक्त पट्टी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर विक्रीपूर्वीच निश्चित करावी.

हे केले नाही, तर लघुउद्योजकाच्या छपरावरील पट्टी निकामी होईल आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहतील. नव्या तंत्रज्ञानाची जोखीम राज्यसंस्थेने उचलावी. ती सर्वांत दुर्बल ग्राहकाच्या माथी मारू नये.